‘न भाजता’ : मग भाजलं कुणी?

पाककृतीच्या नावाआधी ‘न भाजता’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. खोबरं-कॅरॅमलचे चॉकलेट ट्रफल: न भाजता, ओव्हनशिवाय, फक्त चार साहित्यांत, वीस मिनिटांत. मी पाटोद्यात राहते. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं हे तालुक्याचं गाव. इथे ओव्हन असलेली घरं मोजायला एका हाताची बोटं जास्तच होतील. अशा गावात ‘ओव्हनशिवाय’ हे वचन कुणाला दिलं जातंय? आपल्या आज्या-पणज्यांनी बेसनाचे, डिंकाचे, खोबऱ्याचे लाडू वळले. त्यांना कुणी ‘ओव्हनशिवाय लाडू’ म्हटलं नाही. मराठी स्वयंपाकघरातला गोडाचा जवळजवळ सगळा कारभार कढईत आणि पातेल्यातच झाला. ज्याची गरज आपल्याला कधी पडली नाही, त्याच्यापासून सुटका केल्याबद्दल आभार मानायला सांगणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

पण माझा राग एवढ्यावरच असता तर मी दोन ओळींत तो संपवला असता. माझं म्हणणं वेगळं आहे. ‘न भाजता’ हे खोटं आहे. ट्रफलमधली प्रत्येक वस्तू आचेवरून आलेली असते. ती आच फक्त आपल्या ओट्यावर नसते, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर असते. आणि पाटोद्यासारख्या तालुक्यात बसून हे विसरण्याची चैन मला परवडत नाही.

एकेक वस्तू घेऊ. कंडेन्स्ड मिल्कचा डबा म्हणजे दुधातलं पाणी आटवून, त्यात भरपूर साखर घालून बंद केलेला ऐवज. दूध आटलंय, फक्त तुम्ही आटवलेलं नाही. खोबऱ्याचा बारीक पांढरा चुरा म्हणजे नारळ फोडून, सोलून, किसून, गरम हवेत वाळवलेला. तो नारळही आपला नाही. मराठवाड्याच्या काळ्या मसाल्यात पडणारं सुकं खोबरंसुद्धा दक्षिणेतून येतं. कर्नाटकातलं तिपटूर तर खोबऱ्याची बाजारपेठ म्हणूनच ओळखलं जातं. चॉकलेटची गोष्ट त्याहून लांबची. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तिथे कोकोची फळं उतरवायला आणि फोडायला वापरतात ते हत्यार म्हणजे आपला कोयताच. बिया काढून, केळीच्या पानांखाली पाच-सात दिवस आंबवून, उन्हात वाळवून मग त्या पोत्यात भरल्या जातात आणि पुढे कारखान्यात भाजल्या जातात. म्हणजे ‘न भाजता’ केलेल्या ट्रफलमधला मुख्य पदार्थच भाजलेला असतो! कोकोच्या मळ्यांतली लहान मुलांची वाईटात वाईट मजुरी थांबवण्याच्या करारावर चॉकलेट उद्योगाने २००१ मध्ये सह्या केल्या. २००५ ची मुदत ठरली होती. ती पाळली गेली नाही, पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली.

आता साखर. इथे मला आफ्रिकेपर्यंत जावं लागत नाही.

शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते. ट्रफलच्या एका घाण्याला दोनशे ग्रॅम साखर लागते असं धरलं, तर तेवढ्यासाठी दोन किलो ऊस कुणीतरी बुडातून तोडलेला असतो, त्याचं पाचट काढलेलं असतं, वाढं छाटलेलं असतं, मोळी बांधून ती डोक्यावरून फळीवर चढत ट्रकमध्ये रचलेली असते. हे करणारी माणसं कुठली? दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या गावांत आणि वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं तेवढी उरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटं माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा आमच्याकडे इतकी रुळली आहे की कुणाला ती खटकतही नाही. पाच-सहा महिने कोपीत राहायचं, पहाटे फडात उतरायचं, ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा, आजारी पडलं तर खाडा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या बातम्यांमधल्या बायका आमच्या तालुक्यांतल्याच.

यात एक गंमतही आहे, अर्थात कडू. मांजरा नदी इथल्याच डोंगरात उगम पावते. पुढे लातूरकडे जाताना तिच्या काठाने ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले. उगमाच्या गावांना पाणी पुरलं नाही, म्हणून ती माणसं दुसऱ्यांच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला जातात.

हे वाचून काही जण लगेच म्हणतील, मग साखरेऐवजी गूळ घाला, ‘हेल्दी’ करा. गूळ काय आभाळातून पडतो? ऊस तोच, कोयता तोच. फरक फक्त कारखान्याच्या जागी गुऱ्हाळ. गुळाची चव हवी असेल तर जरूर घाला, कॅरॅमलमध्ये तो छान लागतो. पण त्याने हिशेब मिटल्यासारखं वागू नका.

दुसरे काही म्हणतील, असली परदेशी थेरं हवीतच कशाला, आपले लाडू काय वाईट आहेत? या मंडळींशी माझं मुळीच जमत नाही. मिरची, बटाटा, शेंगदाणा हे सगळं बाहेरून आलं आणि आपलं झालं. शेंगदाणा नसलेलं मराठवाड्याचं जेवण कुणी डोळ्यांपुढे आणून दाखवावं. चॉकलेट आलं तर आलं. आमच्याकडच्या मुलींना ट्रफल करावेसे वाटतात, सुंदर कागदात गुंडाळून मैत्रिणीला द्यावेसे वाटतात, यात संस्कृती बुडण्यासारखं काही नाही. उलट ज्यांच्या आईबापांनी साखरेसाठी हाडं झिजवली, त्यांनी साखरेचा सगळ्यात चैनीचा पदार्थ करून खावा, यात मला न्यायच दिसतो. मी स्वतः दर दिवाळीला ट्रफल करते आणि आवडीने खाते.

माझी तक्रार आहे ती ‘न भाजता’चा धंदा करणाऱ्यांशी. गेल्या काही वर्षांत बायकांसाठीच्या प्रशिक्षणांमध्ये शिवणकाम आणि पापड-लोणच्यांच्या जोडीला ‘चॉकलेट मेकिंग’ आलं आहे. अशा एका दोन दिवसांच्या वर्गाला मी बसले आहे. शिकवलं काय? चॉकलेट कंपाउंडची लादी आणा, तुकडे करा, गरम पाण्यावर ठेवून वितळवा, साच्यात ओता, फ्रीजमध्ये ठेवा. ट्रफल हवे असतील तर खोबऱ्याचा चुरा कंडेन्स्ड मिल्कमध्ये मळा, गोळ्या वळा, वितळवलेल्या कंपाउंडमध्ये बुडवा. झालं. प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला, ‘घरबसल्या उद्योग’ सुरू झाला.

आता त्या गोळीत पाटोद्याचं काय आहे ते शोधा. लादी बाहेरची, चुरा बाहेरचा, डबा बाहेरचा, साचा बाहेरचा, चकचकीत कागद बाहेरचा. इथली फक्त बाईची मेहनत. म्हणजे पुन्हा मजुरीच. फडात माल दुसऱ्याचा आणि हात आमचे. इथे स्वयंपाकघरातही तसंच. तिथे निदान मुकादम उचल देतो. इथे माल विकत घ्यायला बाईच कर्ज काढते. आणि जे काम वीस मिनिटांत कुणालाही जमतं, ते शेजारणीलाही जमतं, तिच्या सुनेलाही जमतं. गावात तीस बायका एकच गोळी वळायला लागल्या की ती विकत घेणार कोण? सोपं आहे हा करणाऱ्याचा फायदा असतो, विकणाऱ्याचा नाही.

शिवाय हे कंपाउंड म्हणजे काय, हे त्या वर्गात कुणी सांगितलं नाही. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचं लोणी असतं, ते साधारण चौतीस अंशांना वितळतं, म्हणून तोंडात ठेवलं की विरघळतं. कंपाउंडमध्ये त्या लोण्याच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, बहुधा पामची. ती स्वस्त असते आणि हाताळायला सोपी. खरं चॉकलेट नीट तापवून, थंड करून, पुन्हा हलकं तापवून घ्यावं लागतं, नाहीतर त्यावर पांढरट डाग येतात. कंपाउंडला हा त्रास नाही. ते वापरण्यात गुन्हा नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज कधी जाईल सांगता येत नाही, अशा ठिकाणी कंपाउंड वापरण्यात शहाणपणही असेल. पण बाईला दोन्हींतला फरक सांगा, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायला शिकवा आणि मग निवड तिच्यावर सोडा. त्याआधीच तिला ‘चॉकलेट उद्योजिका’ म्हणणं ही फसवणूक आहे.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘बाई गं, जन्मभर चुलीपुढंच बसलो. आता बिनचुलीचं काहीतरी मिळालं तर तुझं का पोट दुखतंय?’ त्यांचं बरोबर आहे. दिवसभर राबून आलेल्या बाईने संध्याकाळी डबा फोडून, चुरा मळून पोरांना चार गोळ्या करून दिल्या, तर तिला कुणी एका शब्दाने बोलू नये. तो तिचा विसावा आहे. विसावा म्हणून ही पाककृती चांगलीच आहे. पण विसाव्याला रोजगार म्हणून विकू नका. रोजगार द्यायचा असेल तर जे सहजी जमत नाही ते शिकवा. आणि न जमणारं सगळं त्या आचेपाशीच आहे.

कॅरॅमलचंच बघा. जाड बुडाच्या पातेल्यात दोनशे ग्रॅम साखर मंद आचेवर ठेवायची. ढवळायची नाही, पातेलं हलवायचं. कडेने ती विरघळायला लागते, मधाच्या रंगाची होते, मग तांब्याच्या. एकशे सत्तर अंशांच्या आसपासचा तो क्षण नाकाला कळतो. आणखी थोडी थांबलात की करपून कडू. त्या घटकेला पन्नास ग्रॅम लोणी आणि दीडशे मिलिलिटर गरम केलेली साय धारेने सोडायची. गरमच, कारण गार साय पडली की साखरेचे खडे होतात. वाफ हातावर येते, सांभाळायचं. चिमूटभर मीठ. पुन्हा आचेवर ठेवून पाण्यात थेंब टाकून बघायचा. मऊ गोळी धरली की खाली उतरवायचं. ज्या बायकांना एकतारी आणि गोळीबंद पाक बोटांनी कळतो, त्यांना हे दोन घाण्यांत साधतं. मग दोनशे ग्रॅम खोबऱ्याचा कीस, मंद भाजलेला. हो, भाजलेला! कच्च्या चुऱ्याला साबणासारखी चव असते, भाजल्यावर तो खोबऱ्यासारखा लागतो. थंड झाल्यावर पंचवीस-तीस गोळ्या होतात, वरून दोनशे ग्रॅम वितळवलेलं चॉकलेट. डब्यातल्या दुधाच्या गोळीशेजारी ही ठेवून बघा.

आणि एवढं आल्यावर पुढचं सुचतं. पाटोद्यापासून फार लांब नसलेलं, धाराशिव जिल्ह्यातलं कुंथलगिरी खव्यासाठी आणि पेढ्यासाठी नावाजलेलं आहे. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा होतो. तो न लागू देता आटवणारी माणसं या पट्ट्यात आहेत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. बालाघाटच्या डोंगरउतारावरचं हे फळ हंगामात टोपल्यांनी रस्त्यावर येतं आणि दोन दिवसांत मऊ पडून मातीमोल होतं. खव्याचा आणि सीताफळाच्या गराचा गाभा असलेला, वर चॉकलेटचं पातळ कवच असलेला ट्रफल करायला काय हरकत आहे? तो शेजारच्या तालुक्यातल्या बाईला उद्याच्या उद्या जमणार नाही. त्याला गर बिघडू न देण्याचं ज्ञान लागेल, थंड साठवण लागेल, वाहतूक लागेल. म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांना दोन दिवसांत फोटो काढून निघून जाता येणार नाही. अडचण बहुधा तीच आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पाककृती लिहिणाऱ्यांनी ‘न भाजता’ ऐवजी ‘भाजलेलं, आटवलेलं साहित्य विकत आणून’ असं लिहावं. शब्द वाढतील, पण खरं होईल. प्रशिक्षण देणाऱ्यांनी पहिल्या दिवशी लादी वितळवायच्या आधी साखर जाळायला आणि खवा आटवायला शिकवावं, लेबल वाचायला शिकवावं आणि हिशेबाची वही उघडून दाखवावी: बाहेर किती गेले, बाईच्या हातात किती उरले. आणि आमच्या गावातल्या ज्या पोरी हौसेने ट्रफल करतात त्यांनी खुशाल कराव्यात, हव्या त्या पद्धतीने. फक्त कुणी त्यांना हेच तुझं भविष्य म्हणून सांगायला आलं, तर त्याला विचारावं की या गोळीत माझ्या गावाचं, माझ्या हातांशिवाय, आणखी काय आहे?