घरचं वर्कशॉप : बटण दाबण्याआधीची दहा मिनिटं



गणपती जवळ आले की या सदराकडे येणारे प्रश्न मखराभोवती फिरू लागतात. यंदा थर्माकोल नको, कापड-कागदही नको, लाकडाची अष्टकोनी चौकट करायची आणि दरवर्षी तीच घडी घालून वापरायची, असं बऱ्याच घरांत ठरलेलं दिसतंय. विचार छान आहे. त्यासाठी कोणी मायटर सॉ भाड्याने आणणार आहे, तर कुठे सोसायटीतल्या चार घरांनी मिळून विकत घेतला आहे. म्हणून या वेळी मखराच्या सजावटीआधी या मशीनबद्दल बोलू.

आपण बडोदेकर. सयाजीराव महाराजांनी 1890 साली इथे कलाभवन सुरू केलं ते हाताला तंत्र यावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्या संस्थेचं पुढे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत रूपांतर झालं. तेव्हा घरातल्या मुलामुलींनी हातात अवजार घेणं ही आपल्या गावाला नवी गोष्ट नाही. फक्त हे अवजार करवतीसारखं नाही. हाताची करवत चुकली तर ओरखडा उठतो, फार तर टाका पडतो. इथे दहा इंची पातं मिनिटाला साडेचार-पाच हजार फेरे घेतं. हिशोब केला तर त्याचे दात ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असतात. या वेगापुढे ‘पटकन हात काढून घेईन’ हे खरं नसतं. म्हणून या मशीनवरचं अर्ध्याहून जास्त काम बटण दाबण्याआधी, प्लग काढलेला असतानाच करायचं असतं. नेमका काप आणि शाबूत बोटं, दोन्ही त्यातूनच मिळतात.

मशीन ओळखा

दुकानात ‘चॉप सॉ’ मागितलात तर बहुधा लोखंड कापायचं चौदा इंची मशीन पुढे येईल. त्याला दगडी चकती असते. लाकडासाठी ते नको. आपल्याला हवा तो ‘कंपाउंड मायटर सॉ’. त्याचं टेबल डावीकडे-उजवीकडे फिरतं, तो झाला मायटर कोन. त्याचं डोकं बाजूला कलतं, तो बेव्हल कोन. दोन्ही एकदम लावले की कंपाउंड काप. मागे जी उभी धातूची पट्टी असते ती फेन्स. लाकूड तिला टेकवायचं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे निम्मे नियम त्यातून येतात. पात्याचा खालचा भाग तुमच्याकडून फेन्सकडे फिरतो. म्हणजे पातं लाकडाला मागे ढकलतं. लाकूड फेन्सला घट्ट टेकलेलं असेल तर ते तिथेच दाबून राहतं. मध्ये फट असेल तर पातं लाकूड हिसकावून फेन्सवर आपटतं, आणि लाकडाबरोबर ते धरलेला हातही खेचला जातो.

पातं

मखरासारख्या आडव्या कापासाठी 60 ते 80 दातांचं कार्बाइड पातं घ्या. 24 दातांचं पातं भराभर कापतं, पण कडा फाटतात. प्लायवर तर फारच. पातं बदलताना प्लग आधी काढायचा. पात्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. पात्याचा बोल्ट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सैल होतो. म्हणून सुटत नाही म्हणत पान्ह्यावर उभं राहण्याआधी एकदा दुसरीकडे फिरवून बघा. मशीनबरोबर आलेलं पुस्तक फेकू नका, त्यात हे सगळं चित्रासकट असतं.

कोन तपासणं

मशीनवरच्या पट्टीवर शून्य दिसलं म्हणजे पातं काटकोनात आहे असं धरून चालू नका. रिक्षात घालून आणलेल्या भाड्याच्या मशीनच्या बाबतीत तर मुळीच नको.

आधी आपला गुण्या खरा आहे का ते बघा. सरळ कडेच्या फळीला गुण्या लावून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या बरोबर. पंख्यासारख्या फाकल्या तर तो बाजूला ठेवा.

आता प्लग काढून मशीनचं डोकं खाली आणा आणि अडकवा. टेबल शून्यावर ठेवा. गुण्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याच्या सपाट अंगाला लावा. दाताला लावू नका, कारण दात पात्याच्या जाडीपेक्षा थोडे बाहेर आलेले असतात. उजेड दिसला तर फेन्सचे बोल्ट ॲलन कीने सैल करा, फेन्स गुण्याला जुळवा आणि आवळा. आवळल्यावर पुन्हा एकदा तपासा, आवळतानाही फेन्स हलते.

मग गुण्या टेबलावर उभा करून पात्याला लावा. इथे चूक असेल तर डोकं ज्या बोल्टवर टेकून थांबतं तो थोडा आत-बाहेर करा आणि त्याचा नट आवळा. हीच तपासणी 45 अंशांच्या थांब्यावर करा. सगळं जुळलं की शेवटी स्केलवरचा काटा शून्यावर आणा. काटा आधी आणि पातं नंतर, असं करू नका.

आता मशीन चालवून खात्री करू. सरळ, दहा सेंटीमीटर रुंद फळी शून्यावर कापा. दोन तुकड्यांपैकी एक उताणा करा आणि दोन्ही तुकडे फेन्सला टेकवून कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. चूक असेल तर ती इथे दुप्पट होऊन दिसते. अर्ध्या अंशाची चूक असली तरी कडेला पावणेदोन मिलिमीटरची फट पडते. ती डोळ्यांना लगेच कळते.

अर्ध्या अंशाला एवढं महत्त्व का? अष्टकोनाला आठ तुकडे आणि सोळा काप लागतात, प्रत्येक काप साडेबावीस अंशांचा. प्रत्येकात अर्धा अंश कमी पडला तर शेवटच्या सांध्यात आठ अंशांचं तोंड उघडं राहतं. मग त्यात लांबी भरत बसावं लागतं आणि वर झेंडूची माळ टांगून झाकावं लागतं.

आत उतरणारी चौकट

काही जणांना मूर्तीच्या मागे सपाट चौकट नको आहे. परातीच्या काठासारखी आत उतरत जाणारी हवी आहे. इथे दोन्ही कोन एकदम लागतात. पट्ट्या टेबलावर आडव्या ठेवून कापायच्या आणि काठ 45 अंश कललेला हवा असेल, तर चौकोनासाठी मायटर 35.3 आणि बेव्हल 30 अंश. षटकोनासाठी 22.2 आणि 20.7. अष्टकोनासाठी 16.3 आणि 15.7.

गणिताची आवड असलेल्यांसाठी : 180 ला बाजूंच्या संख्येने भागा, तो झाला अर्धा कोन. त्याचा टॅन्जंट गुणिले कलाचा कोसाइन म्हणजे मायटरचा टॅन्जंट. अर्ध्या कोनाचा साइन गुणिले कलाचा साइन म्हणजे बेव्हलचा साइन. दहावी-बारावीतल्या मुलांनी हे स्वतः करून बघावं. हे गणित आपण नक्की कुठे वापरणार, या प्रश्नाचं एक उत्तर त्यांना मिळेल.

डोकं कलवण्याआधी फेन्सचा वरचा सरकता भाग बाजूला घ्या, नाहीतर पातं ॲल्युमिनियमला भिडतं. प्लग काढलेला असतानाच डोकं एकदा पूर्ण खाली आणून बघा की काही अडत नाही ना. आणि आधी रद्दी लाकडावर कापा, सागवानाला शेवटी हात लावा.

हात कुठे, डोळे कुठे

गेल्या आठवड्यात एका वाचक मुलीने विचारलं, “काका, रील्समध्ये तर सगळे हातानेच धरून कापतात, मग क्लॅम्प कशाला?” चांगला प्रश्न आहे. रीलमध्ये नीट झालेलेच काप दिसतात. क्लॅम्प थकत नाही, दचकत नाही आणि फोन वाजला म्हणून तिकडे बघत नाही.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

पात्याच्या दोन्ही बाजूंना किमान सहा इंच हात न्यायचा नाही. तुकडा त्याहून आखूड असेल तर क्लॅम्प लावा, किंवा लांब पट्टीतूनच तो कापून घ्या. चार बोटांच्या तुकड्याचं टोक जरासं कमी करायला जाणं हे या मशीनवरचं सगळ्यात वाईट काम. हातांची कैची करून, म्हणजे डाव्या हाताने उजवीकडचं लाकूड धरून, कधी कापू नका.

फळीला बाक असेल तर फुगीर बाजू फेन्सकडे ठेवा आणि फेन्सपाशी मध्ये फट राहत नाही ना ते बघा. उलट ठेवलीत तर कापता कापता फळी पात्यावर मिटते. लांब पट्टीच्या टोकाला आधार द्या, नाहीतर ती झुकते आणि तोच प्रकार होतो. फळी लांबीत उभी चिरायचं काम या मशीनचं नाही.

सगळे तुकडे सारख्या लांबीचे हवेत म्हणून ठोकळा लावताय? मग तो आपण धरलेल्या बाजूलाच लावा. सुटून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला लावला तर तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यात अडकतो आणि गोळीसारखा उडतो.

काप घेण्याचा क्रम ठरलेला आहे. बटण दाबा, पात्याला पूर्ण वेग घेऊ द्या, मग सावकाश खाली आणा. कापून झालं की डोकं खालीच ठेवून बटण सोडा, पातं पूर्ण थांबू द्या आणि नंतरच वर उचला. फिरतं पातं वर उचलताना सुटा तुकडा त्यात सापडतो. स्लायडिंग मशीन असेल तर डोकं आधी आपल्याकडे ओढा, मग खाली, मग मागे ढकला.

डोळ्यांना चष्मा, कानांना मफ किंवा प्लग, नाकाला मास्क. एमडीएफची बारीक भुकटी फुप्फुसांना वाईट, तेव्हा काम गच्चीत किंवा अंगणात करा. हातमोजे मात्र नकोत, त्यांचा धागा पात्यात सापडला तर हातही जातो. ओढणी, सैल बाही, बांगड्या, अंगठी, हातातला गंडा-दोरा, सगळं आधी काढून ठेवा आणि केस बांधा.

विजेचंही बघा. मशीन 1500 ते 1800 वॅटचं असतं, ते मिक्सरच्या छोट्या प्लगवर लावू नका. सोळा अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग असलेली तीन पिनांची जाड वायर, आणि वायर पूर्ण उलगडलेली. काम चालू असताना वीज गेली तर आधी बटणावरून बोट काढा आणि प्लग काढा. वीज परत येते तेव्हा कोणाला विचारून येत नाही.

गार्ड

पात्यावरचं पारदर्शक झाकण डोकं खाली येताना आपोआप वर सरकतं आणि वर नेलं की पुन्हा पातं झाकतं. बांधकामांवर ते तारेने बांधून ठेवलेलं किंवा काढूनच टाकलेलं दिसतं, कारण भुशाने ते अडकतं आणि काम करणाऱ्याला घाई असते. ज्याला दिवसाला दोनशे काप घ्यायचे आहेत त्याच्या पोटाची निकड वेगळी. तरी धोका त्यालाही तेवढाच. आपल्याला तर सोळा काप घ्यायचे आहेत. भाड्याने आलेल्या मशीनचा गार्ड बांधलेला किंवा मोडलेला असेल तर मशीन परत पाठवा. अडकत असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. मशीनवाला म्हणेल, “साहेब, असंच चालतं.” त्याला चालू दे, तुम्ही घेऊ नका.

आणि एक. मखराचं काम म्हटलं की घर भोवती गोळा होतं. आजोबा सूचना देतात, आई चहा घेऊन येते, पोरं तुकडे वेचायला धावतात. मोजमाप, रेघा, पॉलिश, रंग यांत सगळ्यांना घ्या. पण प्लग लावलेला असताना मशीनपाशी एकच माणूस आणि बाकीचे चार पावलं लांब. चहा आला की मशीन बंद, प्लग बाहेर, मग कप. रात्री एक वाजता, उद्या सकाळी प्रतिष्ठापना आहे म्हणून, शेवटचे दोन काप उरकू नका. आठवडाभर आधी कापून ठेवा. बाप्पा यायची तारीख आपल्याला वर्षभर आधी माहीत असते.

पुढच्या अंकात याच अष्टकोनाचे सांधे जोडू : डिंक कोणता, पट्टा कसा आवळायचा, आणि चौकट दरवर्षी उघडून माळ्यावर ठेवता यावी म्हणून कुठे डिंक न लावता बोल्ट लावायचे. तोवर काप घेऊन ठेवा आणि तुकड्यांवर पेन्सिलने एक ते आठ आकडे घाला.