दिवाळी मोठी झाली तर

धाकटी बहीण न्यू जर्सीला असते. गेल्या हिवाळ्यात एकदा भल्या सकाळी तिचा फोन आला. "दादा, हिला रोज अर्धा तास शब्द विचारशील का? आम्हां दोघांचे आवाज ऐकून ती कंटाळलीय." आमचे सकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे रात्रीचे आठ. मी पडलो मराठीचा मास्तर. इंग्रजी स्पेलिंगशी माझे वैर शाळेपासूनचे. पण भाचीला नाही कोण म्हणणार?

प्रकरण होते अमेरिकेतल्या राष्ट्रीय 'स्पेलिंग बी'चे. १९२५ साली नऊ वर्तमानपत्रांनी मिळून ही स्पर्धा सुरू केली आणि पहिला विजेता 'ग्लॅडिओलस' या फुलाच्या नावावर जिंकला. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला, आणि पुढे तर आपल्या मुलांनी ती जणू घरचीच करून टाकली. २०१९ साली शब्द हरले पण मुले हरेनात! शेवटी आठ जणांना मिळून विजेते ठरवावे लागले. आठांत सात भारतीय वंशाचे, आणि त्या सातांत एक चक्क सुखटणकर. ते आडनाव ऐकले आणि बहिणीच्या घरात हे वेड शिरले. प्रवेश आठवीपर्यंतच्याच मुलांना. भाची आठवीत, म्हणजे ही शेवटची संधी.

आधार वेबस्टरच्या थोरल्या कोशाचा. साडेचार लाखांवर शब्द! पाठ करणार तरी किती? म्हणून ही मुले शब्दाचे कूळ विचारतात. लग्न जमवताना आपण विचारतो तसेच. अर्थ, वाक्यातला उपयोग आणि मूळ भाषा विचारण्याचा स्पर्धकाला हक्कच असतो. ग्रीक म्हटले की 'फ'साठी पी-एच, फ्रेंच म्हटले की शेवटी मुकी अक्षरे. २०२३ चा विजयी शब्द 'सॅमोफाइल', म्हणजे वाळूत रमणारा जीव. त्याच्या आरंभीचा 'पी' ग्रीकांचा, लिहायचा आणि गिळायचा. २०२१ साली एक मुलगी 'मुराया'वर जिंकली. आपल्या कढीपत्त्याला शास्त्रज्ञांनी हेच कुलनाम दिले होते, हे मला भाचीने सांगितले. आयुष्यभर फोडणीत टाकला, पण कधी त्याचे गोत्र विचारले नव्हते!

एकदा मी तिला 'मंगूस' घातला.

"मूळ भाषा?"

"मराठी."

पलीकडे शांतता. "मामा, खरंच?"

"खरंच. आपलं मुंगूस पोर्तुगीजांच्या हाती लागलं असावं आणि तिथून इंग्रजीत गेलं."

ती कितीतरी वेळ हसत होती. त्या दिवसापासून अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. तिला देवनागरी जेमतेम वाचता येई. आता ती उलट मलाच शब्द विचारू लागली. मराठीत अशी स्पर्धा का नाही, म्हणाली. मी तोऱ्यात सांगितले, "आपल्याकडे बोलावं तसं लिहितात." सांगताना जीभ चावली, कारण समोर तपासायचा गठ्ठा होता आणि त्यात 'विद्यार्थी' हा शब्द चार तऱ्हांनी लिहिलेला होता. लिहिणारे सगळे विद्यार्थीच!

मार्चमध्ये तिची विभागीय फेरी झाली. वाळूतले जीव जिभेवर नाचत असताना पोर 'सुपरसीड'वर पडली. 'प्रिसीड', 'रिसीड', 'कन्सीड' यांच्यात 'सी' येतो. याच्यात मात्र 'एस', कारण याचे मूळ लॅटिनमधल्या 'बसणे' या क्रियापदात. असा शेवट असलेला इंग्रजीत हा एकटाच. तिने 'सी' म्हटले आणि घंटा वाजली. बहीण फोनवर रडली. भाची बोललीच नाही.

आता कबूल करतो. तो शब्द माझ्या यादीत होता. सोपा आहे, तिला येत असेल, म्हणून मीच तो गाळला होता. बहिणीला हे अजून सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडेल तेव्हा कळेलच.

पुढे कित्येक दिवस साडेसहाला जाग येई आणि फोन येत नसे.

मागच्या आठवड्यात आईच्या नावाने पाकीट आले. आत भाचीचे पत्र, मराठीत, तिच्या हातचे. एक पान लिहायला तीन रात्री लागल्याचे त्यातच लिहिले होते. वर ठळक अक्षरांत 'दीवाळीच्या शुभेच्छा', आणि समासात बारीक टीप: 'मूळ: दीप.' कूळ विचारून लिहिले होते पोरीने! संस्कृत 'दीप' दीर्घ राहिला, त्याचा मराठी 'दिवा' झाला तसा तो ऱ्हस्व झाला आणि दिवाळीही त्याच्याच मागे गेली, हे मी तिला कुठे सांगितले होते?

खाली एक ओळ होती: 'मामाला सांग, आता पुढचे शब्द मराठी विचार.'

हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. आईने पत्र माझ्या हातातून काढून घेतले.

"राहू दे," ती म्हणाली. "दिवाळी थोडी मोठी झाली तर तुझं काय जातं?"