पोट भरले, पुढे काय?

बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या सरकारी शाळेतल्या मुलाला आठवड्यातले सहा दिवस अंडे देण्याची सोय कर्नाटकाने केली आहे. अंडे न खाणाऱ्याला केळे मिळते. दोन दिवसांचा खर्च राज्य सरकारचा आणि उरलेल्या चार दिवसांचा, २०२४ पासून तीन वर्षे, अझीम प्रेमजी फाउंडेशनचा. क्षीरभाग्य योजनेचे दूध तर २०१३ पासूनच सुरू आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. अंडी द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असे सांगण्यात आले.

महाराष्ट्राचा निर्णय आम्हाला चुकीचा वाटतो. सरकारी शाळेतल्या मुलांचे पालक कोण असतात हे ठाऊक असताना लोकसहभागाची भाषा करणे ही जबाबदारी झटकणेच आहे. पण दोन्ही राज्यांतल्या चर्चेत एक प्रश्न मागेच राहिला. अंडे परवडते का आणि ते कोणाला चालते, यावर भरपूर वाद झाला. त्या अंड्याने वर्गात नेमके काय घडावे, हे फारसे कोणी विचारले नाही. गेली पंचवीस-तीस वर्षे हा प्रश्न चिकाटीने विचारला गेला तो केनिया, युगांडा, घाना या देशांतल्या शाळांमध्ये. आपल्या शिक्षकांनी, शालेय आरोग्य पथकांनी आणि समुपदेशकांनी ही उत्तरे नीट वाचावीत म्हणून हा अंक.

सर्वांत गाजलेला अभ्यास केनियाच्या पश्चिमेकडच्या बुसिया जिल्ह्यातला. १९९८ पासून तिथल्या ७५ प्राथमिक शाळांत टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या दिल्या गेल्या. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली, काही गणिती चुका दाखवल्या आणि जोरदार वाद झाला. २०२१ मध्ये त्याच मुलांचा वीस वर्षांनंतरचा माग प्रसिद्ध झाला. लहानपणी जास्त वर्षे गोळ्या मिळालेल्यांची कमाई मोठेपणी जास्त दिसली. वादाचा निकाल काहीही लागो, हजेरी, गुण आणि पुढचे आयुष्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, हा धडा त्यातून पक्का मिळतो. आपल्याकडे २०१५ पासून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. किती गोळ्या वाटल्या याचा अहवाल त्याच आठवड्यात वर जातो. त्यानंतर हजेरीपटात काय बदलले, हे कोणत्या शाळेने पाहिले आहे?

केनियाच्याच एम्बू जिल्ह्यात बारा शाळांमध्ये आणखी एक प्रयोग झाला. काही शाळांत मका आणि घेवड्याची साधी उसळ दिली, काहींत त्यात मांस घातले, काहींत उसळीसोबत दूध दिले आणि काही शाळांत खाऊ दिलाच नाही. तर्कबुद्धीच्या चाचणीत मांस मिळालेली मुले पुढे गेली. दूध मिळालेल्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणून दूध बंद करा, असे कोणी म्हणू नये. दुधाने उंची आणि हाडे यांचे जे व्हायचे ते होते. मात्र लोह आणि जस्त दुधात फारसे नसते, तेव्हा ते काम दुधाकडून होईल ही आशा फोल आहे.

बेंगळुरूमध्येही असाच अनुभव आला. सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने शहरातल्या ६ ते १० वर्षांच्या ५९८ मुलांना सूक्ष्म पोषकांची कमी आणि जास्त मात्रा देऊन पाहण्यात आली. २००९ च्या निष्कर्षांनुसार जास्त मात्रेच्या गटाची उंची किंचित अधिक वाढली, सहा महिन्यांनी अल्पकालीन स्मरणही थोडे सरस होते; तर्काच्या चाचणीत मात्र तोच गट किंचित मागे पडला. पोषकांची मात्रा वाढवली की सगळी बुद्धी खुलते, हा समज त्या अभ्यासाने बाजूला सारला.

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो पश्चिम केनियातल्या बालवाड्यांचा अभ्यास. ख्रिस्टेल व्हर्मीर्श आणि क्रेमर यांनी पन्नास बालवाड्या घेतल्या आणि निम्म्यांत सकाळची पेज सुरू केली. उपस्थिती सुमारे तीस टक्क्यांनी जास्त राहिली. गुण मात्र तिथेच वाढले, जिथे शिक्षक आधीपासून अनुभवी होते. शिवाय पेज शिजवण्या-वाढण्यात शिकवण्याचा वेळ खर्ची पडत होता. भारतातले चित्र याच्याशी जुळते. तनिका चक्रवर्ती आणि राजी जयरामन यांनी २०१९ मध्ये दाखवले, की माध्यान्ह भोजन पाच वर्षे मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, ते जेमतेम मिळालेल्यांपेक्षा अठरा टक्क्यांपर्यंत अधिक होते. म्हणजे जेवण कामाचे आहे, पण त्याचा परिणाम सावकाश दिसतो आणि त्यापुढचे काम वर्गात व्हावे लागते.

मनःस्वास्थ्याची गोष्टही याच वळणाची. युगांडातल्या लुवेरो जिल्ह्यात अभ्यासासाठी ४२ शाळा घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत ‘गुड स्कूल टूलकिट’ हा कार्यक्रम राबवला. त्यानंतर आदल्या आठवड्यात शिक्षकांचा मार खाल्ल्याचे सांगणारी मुले ३१ टक्के निघाली; कार्यक्रम नसलेल्या शाळांत ती जवळपास ४९ टक्के होती. मुलांना शाळेत सुरक्षित वाटू लागले, परीक्षेचे गुण मात्र बदलले नाहीत. म्हणून तो कार्यक्रम फसला म्हणायचे का? मुळीच नाही. मार न खाणे हा मुलाचा हक्कच आहे; आपल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ तेच सांगते. त्या हक्काला गुणांच्या टेकूची गरज नाही.

अशी कामे करायची कोणी, याचे उत्तर गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने बिहारमध्ये शोधले. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांच्या अभ्यासात शालेय आरोग्याचा एक कार्यक्रम काही ठिकाणी प्रशिक्षित समुपदेशकाने चालवला, काही ठिकाणी शिक्षकाने. २०१८ चा निष्कर्ष स्पष्ट होता. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि उदासी घटली. शिक्षकावर सोपवलेल्या शाळांत फरक पडला नाही. हा शिक्षकांचा दोष नव्हे. जनगणना, निवडणूक, पोर्टल, आहाराच्या नोंदी आणि वर पुन्हा समुपदेशन, एवढ्या ओझ्यातून दुसरे काही निघणे शक्य नव्हते.

के. आर. पुरम आणि भोवतालच्या महादेवपुरा, राममूर्तीनगर पट्ट्याची आणखी एक अडचण आहे. मेट्रो, इमारती आणि टेक पार्क यांच्या कामावर आलेल्या मजुरांची मुले इथल्या शाळांत असतात. काम संपले की बिऱ्हाड हलते. हजेरीपटावर ते मूल ‘गैरहजर’ दिसते आणि आपण त्याचे खापर आजारपणावर किंवा आळसावर फोडतो. वर्षभर टिकून राहणाऱ्या मुलांवर बेतलेला कोणताही अभ्यास इथे जसाच्या तसा लागू होणार नाही. ऊसतोडीच्या जिल्ह्यांतल्या, मुंबई-पुण्याच्या बांधकाम वस्त्यांजवळच्या शाळांनाही हे वेगळे सांगायला नको. आरोग्य तपासणीचे निष्कर्षही मुलाबरोबर जात नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या पथकाने लिहिलेला चष्म्याचा नंबर किंवा रक्तक्षयाची नोंद एका कपाटात राहते, शाळेचा दाखला दुसऱ्या शाळेत पोचतो.

आफ्रिकेकडून आपण फक्त घ्यायचे आहे, असेही नाही. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ सहायिकांनी मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवले. त्या पद्धतीचा परिणाम २००७ मध्ये संशोधनातून सिद्ध झाला आणि आज झांबियातल्या सरकारी शाळा तिच्यावर चालणारे वर्ग घेतात. पोट भरलेल्या, जंत गेलेल्या, मार न खाणाऱ्या मुलाला पुढे काय द्यायचे, त्याचे एक उत्तर आपल्याच शहरांत तयार झाले होते.

म्हणून आमच्या वाचकांना विनंती आहे. येत्या जूनपासून शाळेत आरोग्याचा कोणताही उपक्रम सुरू करताना त्यातून काय साधायचे ते एका ओळीत लिहा: हजेरी, लक्ष, वाढ की निर्धास्तपणा. तेवढेच मोजा आणि गुणांची अपेक्षा त्याच्या गळ्यात बांधू नका. गैरहजेरीचे कारण रोज लिहा. आजारी, गावी गेले, बिऱ्हाड हलले, पाळी, घरकाम, एवढे पाच रकाने पुरेत. दाखल्यासोबत आरोग्य तपासणीची प्रत द्या. जेवणात शिकवण्याची किती मिनिटे जातात ते एक आठवडा मोजा आणि ती वाचवण्यासाठी मदतनीस मागा. समुपदेशनाचे काम शिक्षकावर ढकलणारा आदेश आला तर नालंदाचा निष्कर्ष जोडून लेखी उत्तर द्या. आणि महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकांनी अंड्याच्या निधीची मागणी दर बैठकीत इतिवृत्तात नोंदवावी. वर्गात शिकवणे हे आपले काम आहे. मूल तिथपर्यंत धडधाकट पोचवणे ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती लोकवर्गणीवर सोडता येणार नाही.