थांबणारा आवाज

परवा आमची सूनबाई संगणकासमोर बसून चक्क पेंगत होती. ती शिक्षिका आहे, कसलंसं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करायचं होतं. पडद्यावर परिच्छेद दिसत होता आणि तोच परिच्छेद एक बाई शब्द न् शब्द वाचून दाखवत होत्या. मी म्हटलं, "अगं, बंद कर आणि झोप जा." तर म्हणते, "अण्णा, शेवटपर्यंत चालवल्याशिवाय प्रमाणपत्र नाही मिळत."

मला हसू आलं. पण मग माझंच 2020 साल आठवलं आणि ते मावळलं.

तेव्हा शाळा बंद होत्या. आमच्या वैभववाडीत, घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये, रेंजचं काय सांगावं! व्हिडिओचं चाक नुसतं गरगरत राहायचं. मला वाटलं, आवाज तरी पोचेल. हिशेब सोपा होता. सेकंदाला 64 किलोबिट धरले तरी पाच मिनिटांचं बोलणं अडीच एमबीच्या आत बसतं. मग शेजारच्या चौथीच्या मुलासाठी मी मोबाइलवर गणिताचे पाठ बोलून ठेवले, एकेक अर्ध्या तासाचा. आयुष्यभर शिकवलेला माणूस मी, त्यात कठीण ते काय?

पंधरा दिवसांनी त्याला विचारलं, "भागाकार समजला का रे?" तो अंगणातली माती पायाने उकरत म्हणाला, "गुरुजी, तुमी मधी थांबतास खंय?"

मंडळी, वर्गात मी थांबत असे. फळ्याकडे पाठ करून पोरांचे चेहरे बघत असे. मोबाइलसमोर चेहरेच नव्हते, म्हणून मी बोलतच सुटलो. त्या मुलाचा भागाकार कच्चा राहिला, तो पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. हा दोष रेंजचा नव्हता, माझा होता.

नंतर वाचनात आलं की हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला आहे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात 1974 च्या सुमारास रेडिओवरून प्राथमिक गणित शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात रेडिओ प्रश्न विचारी आणि मग गप्प बसे. मुलं मोठ्याने उत्तर देत, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. ती काही सेकंदांची शांतता हाच खरा पाठ! आपल्या पालघर जिल्ह्यात दांडवळ गावी 2020 मध्येच 'बोलकी शाळा' भरली, तीही कर्ण्यावरून. पण तिथे पोरं एकत्र बसलेली होती आणि शेजारी स्वयंसेवक उभे होते. आवाज एकटा नव्हता.

आणि सूनबाईच्या पेंगण्यालाही कारण आहे बरं का. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे की चित्र दाखवून तोंडी समजावलं तर चांगलं कळतं, पण त्यावर तेच शब्द लिहूनही दाखवले तर कळणं कमी होतं. डोळे चित्र सोडून अक्षरांमागे धावतात आणि कान मागे पडतात.

म्हणून माझं साधं मत असं. आवाज ही व्हिडिओची गरीब बहीण नव्हे. उच्चार, कवितेची चाल, गोष्ट, आकृतीतली एकेक रेघ समजावणं ही कामं आवाजाचीच. जे वाचता येतं ते वाचू द्यावं, कारण वाचताना माणूस मागे जाऊ शकतो, थांबू शकतो. पाठ पाच-सात मिनिटांचा असावा. प्रश्न विचारून उत्तराला जागा सोडावी. आणि "आता वहीत लिही" असं म्हटल्यावर लिहायला वेळ द्यावा.

आणखी एक. सगळं बोलणं लेखी स्वरूपातही वेगळं द्यावं, ज्याला हवं त्याने उघडावं. हे मला आता जास्त पटतं, कारण माझा डावा कान हल्ली संप करतो. ऐकू न येणाऱ्याला निव्वळ आवाज म्हणजे बंद दरवाजाच.

शेजारचा तो मुलगा आता मोठ्या वर्गात आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्या धाकट्या बहिणीसाठी सहा मिनिटांचा पाठ बोललो. मधे थांबलो, मनात दहा आकडे मोजले. ती माजघरात बसून ऐकत होती. त्या शांततेत तिचं उत्तर मला पडवीत ऐकू आलं, उजव्या कानाने का होईना.

उत्तर चुकलं होतं. पण दिलं होतं!