थेंब की शस्त्रक्रिया?

“आजोबा अजून चष्मा लावून वर्तमानपत्र वाचतात. मग डॉक्टर शस्त्रक्रिया कशासाठी सुचवतात?” काचबिंदूचे निदान झालेल्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. परंतु याच आजोबांना दादर स्थानकाच्या पुलावर बाजूने येणाऱ्यांचे धक्के लागतात, लालबागच्या चाळीतील जिन्यावर त्यांची पायरी चुकते, याचे कारण आपण वयात शोधतो. काचबिंदूत बहुधा नजर कडेने आक्रसत जाते. समोरचे अक्षर दीर्घकाळ दिसत राहते.

डोळ्यात अखंड तयार होणाऱ्या द्रवाचा निचरा नीट झाला नाही की आतील दाब वाढतो आणि दृष्टीची नस सुकत जाते. मोतीबिंदू काढल्यावर नजर उजळते, तसे येथे घडत नाही. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही, शस्त्रक्रियेनेही नाही. दोन्ही उपाय उरलेली नजर राखण्यासाठीच आहेत.

मग श्रेष्ठ कोणता? अमेरिकेत नव्याने निदान झालेल्या ६०७ रुग्णांची अशी तुलना झाली. शस्त्रक्रियेने दाब अधिक उतरला. तरी पाच वर्षांनी दृष्टिक्षेत्राची हानी दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. ब्रिटनमध्ये मात्र निदानाच्या वेळीच रोग खूप वाढलेल्या ४५३ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी सरासरी दाब शस्त्रक्रियेच्या गटात पाऱ्याच्या सुमारे १२ मिलिमीटरवर, तर औषधांच्या गटात १५ वर होता. तात्पर्य असे की, रोग आरंभीचा असेल तर थेंब किंवा लेसर पुरेसे ठरू शकतात. नस बरीच सुकली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा.

थेंबांचे यश नेमावर अवलंबून असते. बाटली संपली, गावी गेलो, गणपतीच्या गडबडीत राहून गेले, अशा खंडांत दाब पुन्हा चढतो आणि डोळा दुखत नसल्याने ते कळतही नाही. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे हलके दाबावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. हात थरथरत असल्यास ते काम घरातील एकाने अंगावर घ्यावे. दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. टिमोलॉलसारख्या थेंबांनी तो बळावू शकतो.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी या शस्त्रक्रियेत वरच्या पापणीआड द्रवाला नवी वाट करून देतात. ही पद्धत केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली मांडली. मात्र ‘एकदा केले की सुटलो’ असे येथे नाही. पहिल्या काही आठवड्यांत वारंवार तपासणी लागते. वाट बुजू शकते, दाब फाजील उतरू शकतो, मोतीबिंदू लवकर वाढू शकतो. पुढे कधीही डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्गाचा हा धोका आयुष्यभर राहतो.

म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : नस किती सुकली आहे, या डोळ्यासाठी दाब किती हवा आणि सध्याच्या औषधांनी तो तेथे टिकतो आहे का? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर भीतीपोटी वर्ष घालवणे महागात पडते.

आणखी एक. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. परळचे के. ई. एम. आणि भायखळ्याचे जे. जे. ही सार्वजनिक रुग्णालये आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. आजोबांना पुढच्या तपासणीला नेताना त्यांच्या मुलांनीही आपले डोळे दाखवून यावे.