आम्हाला सुटं हवंय

टीव्हीवाल्या कंपनीने नवं स्ट्रीमिंग ॲप काढलं की जाहिरातीचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : सगळं एकाच ठिकाणी! जणू आपण सगळे रोज रात्री झोपताना हाच नवस बोलत होतो. मला सगळं नकोय. मला माझ्यापुरतं हवंय आणि त्याची किंमत वेगळी छापलेली हवीय. वाण्याकडे पाव किलो तूरडाळ मागितली तर तो ‘सोबत दोन किलो मैदा आणि एक झाडू घ्यावाच लागेल’ असं म्हणत नाही. म्हणाला तर आपण वाणी बदलू.

हे माझ्या डोक्यातलं खूळ आहे असं समजू नका. टीव्हीच्या बाबतीत सुटं विकायचा नियम आपल्याकडे आहे, फक्त तो तुमच्या हातातल्या फोनपर्यंत पोचलेला नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली. घरोघरी लोक कागद-पेन घेऊन चॅनेल निवडायला बसले होते, आठवतंय? १०० चॅनेलपर्यंत १३० रुपये अधिक जीएसटी एवढं जोडणीचं भाडं, त्यावर प्रत्येक पे चॅनेलची जाहीर केलेली सुटी किंमत आणि १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकमध्ये कोंबायला बंदी. अंमलबजावणीत घोळ झाला, मान्य. कंपन्यांनी बऱ्याच सुट्या चॅनेलचे भाव असे चढे ठेवले की पॅकच स्वस्त वाटावा. कित्येकांचं बिल उलट वाढलं. पण ‘मला हे एकच चॅनेल द्या’ असं म्हणायचा हक्क तरी ग्राहकाला मिळाला. नको ते काढून टाकता येत होतं.

मग त्याच चॅनेलवाल्या कंपन्यांनी आपल्याला हळूहळू ॲपवर आणलं. ट्रायचे हे दर ॲपला लागू नाहीत. म्हणजे तीच मालिका सेट-टॉप बॉक्समधून आली तर सुटी मिळते आणि इंटरनेटवरून आली की अख्खं पोतं उचलावं लागतं.

ताजं उदाहरण घ्या. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार सुरू झालं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, एकेकाळची एकमेकांची प्रतिस्पर्धी, आता एकाच मालकाच्या ओसरीवर. सुरुवातीचे तीन महिन्यांचे दर असे होते : फक्त मोबाईलवर बघायचं तर १४९ रुपये, टीव्हीवरही हवं तर २९९, जाहिराती नको असतील तर ४९९. (त्या ४९९ मध्येही थेट सामन्यांच्या जाहिराती होत्याच.) या तीन दरांत फरक कशाचा होता? पडद्यांचा आणि जाहिरातींचा. काय बघायचंय, याचा नाही. तुम्ही फक्त मराठी बघा, फक्त क्रिकेट बघा, नाहीतर फक्त इंग्रजी मालिका बघा, पोतं तेच होतं.

आता या पोत्यात सगळ्यात जड काय आहे ते बघा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे भारतीय उपखंडातले टीव्ही हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटल हक्क २०,५०० कोटींना. घेणाऱ्या कंपन्या दोन होत्या, आता दोन्ही एकाच छपराखाली आहेत. हा पैसा कुठून तरी वसूल व्हायचाच : जाहिरातदारांकडून आणि आपल्याकडून. माझ्या मावशीला फलंदाज आणि गोलंदाज यांतला फरक सांगता येणार नाही. ती संध्याकाळी सातनंतर ओळीने मालिका बघते. तरी तिच्या वर्गणीतला काही भाग आयपीएलकडे जातो. तिला कोणी विचारलंय?

यावर येणारा युक्तिवाद मला माहीत आहे आणि तो अगदीच फुसका नाही. सुटं विकलं तर छोट्या गोष्टी मरतील. क्रिकेट आहे म्हणून मराठीला ॲपवर जागा आहे, उद्या वेगळं काढलं तर मराठी स्वतःच्या पायावर उभं राहणार नाही. शक्य आहे. पण खरी मेख इथेच आहे. पोत्यात घातलं की मराठीसाठी दिलेला रुपया दिसेनासाच होतो. मावशी वर्षभर फक्त मराठी बघते, पण कंपनीच्या वहीत ती ‘एक सबस्क्रायबर’ एवढीच. किती मिनिटं काय पाहिलं याचा हिशेब त्यांच्याकडे असणारच, पण तो ते आपल्याला दाखवत नाहीत. शिवाय मिनिटं म्हणजे पैसे नव्हेत. मग मराठी वेब सीरिजचा विषय निघाला की सुस्कारा ऐकायचा : काय करणार, मराठी प्रेक्षक पैसेच देत नाही. अरे, द्यायला गल्ला कुठे ठेवलाय? २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली. त्यांतले किती जण मराठीसाठी खिशात हात घालतात हे कळण्याचा एकच मार्ग आहे, मराठीवर वेगळी किंमत लावा. आकडा लाजिरवाणा निघाला तर निघू दे. निदान तो आपला असेल.

सुटं घेण्याची दुसरी बाजू म्हणजे सुटता येणं. एका सेवेची वर्गणी बंद करायला (नाव सोडा, दुसऱ्या कुठल्याही सेवेचं घातलं तरी चालेल) मला पाच पडदे पार करावे लागले आणि प्रत्येक पडद्यावर ‘खरंच जाताय?’ असा रडका चेहरा. भरताना मात्र एक बोट पुरलं होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या युक्त्यांची यादी काढली. त्यात वर्गणीचा सापळाही आहे आणि निघताना ग्राहकाला ओशाळं करणंही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. ती डिलीट करू नका, तेवढाच एक दरवाजा उघडा असतो.

बाकीच्या मागण्या भराभर सांगतो. शोधाच्या चौकटीत देवनागरीत टाइप केलं तर उत्तर यावं. मराठी कार्यक्रमाला मराठी सबटायटल असावेत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना इंग्रजीची शिक्षा कशासाठी? जुनी मालिका काढून टाकणार असाल तर महिनाभर आधी सांगा. आणि ते थेट प्रक्षेपण. शेजारच्या डिशवर विकेट पडून आरडाओरडा होतो, माझ्या फोनवर गोलंदाज अजून धावतोय. ‘लाइव्ह’ लिहिताना जरा जपून.

मराठी मालिका, चित्रपट, नाटकं आणि वेब सीरिज एवढ्यांचाच एक प्लॅन काढा. महिन्याला एकोणपन्नास रुपये लावा. क्रिकेट वेगळं विका; ज्याला हवं तो ते महागही घेईल, मी तर नक्कीच घेईन. मावशीचे एकोणपन्नास मीच भरतो, युपीआय आयडी तेवढा द्या.