कमी दराचा अपुरा हिशेब



नवख्या गुंतवणूकदाराने बांधकाम चालू असलेली सदनिकाच घ्यावी, कारण तिचा दर कमी असतो, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे प्रतिपादन अपुऱ्या हिशेबावर उभे आहे. अशा सदनिकेवर, ती परवडणाऱ्या घरांच्या वर्गात मोडत नसल्यास, ५ टक्के वस्तू व सेवा कर पडतो, जो पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर नसतो. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे येत नाही आणि कर्जाच्या उचललेल्या रकमेवरील व्याज मात्र चालूच राहते.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहक निर्धास्त झाला, हेही अर्धसत्य होय. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात, म्हणजे केवळ जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी राखलेल्या खात्यात, ठेवण्याचे बंधन मोलाचे आहे. परंतु महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी म्हणजे वेळेवर ताब्याची हमी नव्हे, आणि विलंबापोटी व्याजाचा आदेश मिळूनही विकासकाने पैसे न दिल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीची वाट पाहावी लागते, ज्यात तुटपुंज्या बचतीचे कुटुंब पार थकून जाते.

पहिल्या खरेदीसाठी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरण्यास योग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला, मिळालेले घरच श्रेयस्कर. तेथे परिसरातील प्रत्यक्ष भाडे आणि सोसायटीची थकबाकी व्यवहारापूर्वीच तपासता येते.

— एक वाचक, पुणे